सेराचा रोल

मुलींची शाळा काढायची असं नीरजाने मुळात ठरवलंच नव्हतं. तिने काढली होती मराठीची शाळा, मुलगे-मुली सगळ्यांसाठी, ऑस्ट्रेलियातल्या टार्निट उपनगरातल्या आपल्या घराच्या गॅरेजमध्ये, दर शनिवारी दुपारी. पण उन्हाळा आला, क्रिकेटचा सीझन लागला आणि मुलगे एकेक करत जे गळाले ते गळालेच. ‘एवढा सीझन होऊ दे, मग येतोच हं तो परत,’ असं त्यांच्या आया गोड आवाजात सांगत राहिल्या. उरल्या मुली. शेवटी एका शनिवारी नीरजाचं डोकं फिरलं आणि तिने गॅरेजमधल्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून टाकलं, ‘मुलींची शाळा’. जा म्हणावं, खेळा क्रिकेट!

आणि गंमत म्हणजे त्यानंतरच शाळेने बाळसं धरलं. मुली मैत्रिणींना घेऊन यायला लागल्या. ठाण्यात नीरजा शिक्षिका होती, चांगली नावाजलेली. इथे तिच्या डिग्रीला कुत्रंही विचारेना. आठवडाभर ती चाइल्डकेअरमध्ये पोरांची नाकं पुसायची आणि नवरा सलिल ट्रेनने शहरात जाऊन कॉम्प्युटरसमोर बसायचा. त्यामुळे शनिवारची ती दुपार म्हणजे तिचा जीव की प्राण. गाडी बाहेर उन्हात तापत उभी, आत सतरंजी, एक टेबलफॅन, आणि कलकलणाऱ्या मुली. त्यांच्यात तिची स्वतःची ईशानीही होती.

ओवी आली ती सगळ्यांच्या नंतर. तिची आई प्रतीक्षा मूळची नागपूरची, इथे हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करायची. पहिल्या दिवशी ओवी धावत आत जाऊन बसलीसुद्धा, पण प्रतीक्षा दारातच उभी राहिली.

‘एक सांगू का नीरजा?’ ती हळू आवाजात म्हणाली. ‘आधी दोन ठिकाणी घातलं होतं हिला. दोन्हीकडून काढावं लागलं. कोणी तोंडाने काही म्हणत नाही, फक्त हळूहळू बोलावणं बंद होतं. आम्ही बौद्ध आहोत हे कळलं की होतं तसं. ओवीला यातलं काही माहीत नाही. तिला वाटतं माझ्या शिफ्टमुळे सुटलं. तिला ते इतक्यात कळू द्यायचं नाहीये मला. अजून दहाच वर्षांची आहे गं.’

नीरजाने तिचा हात धरला. ‘काय बोलतेस काय! इथे, ऑस्ट्रेलियात? आणि माझ्या शाळेत तर नाहीच नाही. तू अगदी निर्धास्त राहा.’

हे ती तोंडदेखलं बोलली नाही. तिला खरंच तसं वाटत होतं. तिच्या शाळेत येणाऱ्या आया म्हणजे शिकलेल्या, नोकरीवाल्या, घरी रोबो-व्हॅक्यूम असलेल्या बायका. त्या असलं काही करतील हे तिच्या डोक्यातच बसत नव्हतं.

आणि ओवी होतीच तशी. गोष्ट सांगायला घेतली की पुढे सरकत सरकत नीरजाच्या पायांशी येऊन बसायची. प्रश्न तर इतके, की नीरजाला कधी कधी हात जोडावे लागायचे. शिकवणाऱ्या बाईला असा एक विद्यार्थी मिळाला की सगळं भरून पावतं. नीरजाला भरून पावलं होतं.

शाळेतल्या मधूची आई चित्रलेखा ही नीरजाची सख्खी मैत्रीण, दोन गल्ल्या पलीकडे राहणारी, आणि तिच्याशिवाय इथल्या मराठी मंडळाचं पान हलायचं नाही. तिनेच मध्यंतरी आयांच्या ग्रुपवर मेसेज टाकला होता, की नट ॲलर्जीचा धोका लक्षात घेता यापुढे मुलींनी डबे मधे ठेवून वाटून खाऊ नयेत, जिने तिने आपापलाच खावा. खाली अंगठ्यांची रांग लागली. नीरजानेही अंगठा दिला. बरोबरच होतं की, इथल्या सगळ्या शाळांत हाच नियम असतो.

तर मार्चमधल्या महिला दिनाला मुलींनी एक छोटं नाटक करावं असं मंडळाने ठरवलं. नीरजा म्हणाली, आपल्याकडे मुलींची पहिली शाळा काढणाऱ्या बाईंवर करते. चित्रलेखाने कपाळाला हात लावला.

‘नको गं बाई! मग कोणीतरी भाषण ठोकतं, कोणाला तरी ते लागतं आणि ग्रुपवर आठवडाभर धुरळा. अमेरिकेचं कर ना एखाद्या बाईचं. लांबचं असलं की कोणाला त्रास नाही.’

अमेरिका लांबची म्हणे! प्रत्येकीची एक नणंद न्यू जर्सीत बसलेली. पण असो. नीरजाने लायब्ररीतून पुस्तकं आणली आणि वाचता वाचता तीच हरखून गेली. एकोणिसाव्या शतकात तिकडेही बायकांनी मुलींसाठी शाळा काढल्या होत्या आणि त्यापायी काय काय सोसलं होतं! तिने नाव-गाव आपल्या मनाचं घालून नाटक लिहिलं. मिस हॅना एका लहानशा गावात मुलींची शाळा काढते. गावातल्या बड्या लोकांच्या मुली येतात, कौतुक होतं. मग ती सेरा नावाच्या एका काळ्या मुलीला शाळेत घेते. झालं! एकेक पालक येतो आणि आपली मुलगी काढून नेतो. शेवटी वर्गात उरतात दोघीच, हॅना आणि सेरा, आणि हॅना म्हणते, ‘चल, धडा उघड.’

हॅना झाली कौमुदी, कारण तिचा आवाज मागच्या रांगेपर्यंत जायचा. सेरा झाली ओवी.

‘मावशी, मला हॅना करायचंय,’ ओवी म्हणाली. ‘शी गेट्स टू ओपन द स्कूल!’

‘अगं, सेरा सगळ्यात अवघड आहे,’ नीरजाने तिला पटवलं. ‘तिला बोलायला जवळजवळ काहीच नाही. मधे खुर्चीवर बसून राहायचं आणि तरी लोकांनी तिच्याकडेच बघायला पाहिजे. हे तुझ्याशिवाय कोणाला जमणार?’

ओवीला पटलं. संध्याकाळी प्रतीक्षाचा फोन आला. ‘सेराच का गं?’ तिने विचारलं.

‘सगळ्यात हुशार आहे म्हणून!’

‘बरं,’ एवढंच म्हणून प्रतीक्षाने फोन ठेवला. नीरजाला त्यात काही वावगं वाटलं नाही. सांगून ठेवायला हवं, तिच्या मनात काळंबेरं काही नव्हतं. तिच्या मनात ते आलंच नाही, आणि तिथेच सगळी गोम होती.

तालमी सुरू झाल्या. फेब्रुवारीतला उकाडा, गॅरेजचं दार अर्धं वर, फॅन गरम हवा फेकतोय. पालकांच्या प्रवेशाला मात्र काही केल्या जीव येईना. नीरजाने वाक्यं लिहिली होती भारदस्त, ‘महोदया, आमच्या कन्येस आम्ही उद्यापासून धाडणार नाही.’ मुली ती रेल्वेच्या अनाउन्समेंटसारखी म्हणायच्या.

‘अगं, जीव ओता की जरा!’ नीरजा वैतागली. ‘धाडणार नाही, धाडणार नाही काय नुसतं? ते कागद ठेवा बाजूला. तुमच्या घरी कसं बोलतात? एखाद्या ठिकाणी पाठवायचं नसलं की आई फोनवर काय सांगते? बाबा काय म्हणतात? तसं बोला. वाक्यं तुमची तुम्ही करा.’

मुलींचे डोळे लकाकले. हे आधी सांगायचं ना!

पहिली आली ती कमरेवर हात ठेवून. ‘हाय हॅना! सो सॉरी अगं, शनिवारी स्विमिंग लागलंय ना हिचं, अजिबातच जमत नाहीये बघ!’

गॅरेज हशाने दणाणलं. दुसरी म्हणाली, ‘या टर्मला फार पळापळ होतेय गं. पुढच्या टर्मला नक्की हं, नो वरीज!’ नीरजाच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. अगदी असंच, शब्द न् शब्द असंच, त्या क्रिकेटवाल्या आया बोलल्या होत्या. काय कान असतात पोरींचे!

तिसरी पुढे झाली. आवाज बारीक करून, मान वाकडी करून म्हणाली, ‘आमचं काही नाही हो, आम्ही कुठे काय मानतो! पण सासूबाई आल्यात ना इंडियाहून, त्यांना नाही चालत.’

नीरजा हसतच होती, पण हसू थोडं अडखळलं. काय चालत नाही?

मग मधू आली. खांद्यावर ओढणी, हात कानाशी, फोनवर बोलतेय असा. चित्रलेखा डोळ्यांसमोर उभी केली कार्टीने. ‘हे बघ, तोंडावर नाही सांगायचं. वाईट दिसतं ते. ॲलर्जी आहे म्हणायचं. ॲलर्जी म्हटलं की प्रश्नच मिटला. मग तिचा डबा कोणी खायला नको आणि तिला वाईट वाटायला नको.’

मुली खो खो हसल्या. नीरजाची नजर मात्र भिंतीकडे गेली. भिंतीशी डबे ठेवले होते, प्रत्येकीचा वेगळा, एकमेकांपासून हातभर लांब. महिनोन् महिने ते डबे ती तसेच बघत होती. तिनेच तर अंगठा दिला होता.

‘आता मी! आता मी!’ ईशानी उडी मारून पुढे आली. तिने नाकावर खोटा चष्मा चढवला, पोट पुढे काढलं, आणि सलिल कसा जेवताना हातातला घास तसाच ठेवून बोलतो तशी हवेत हात धरून म्हणाली, ‘आडनावावरून काही कळलंच नाही बघ आपल्याला. त्यांच्या हॉलमधला फोटो बघितला ना, तेव्हा माझी ट्यूब पेटली. बाकी माणसं चांगली आहेत हं. अगदी आपल्यासारखीच.’

हे वाक्य नाटकातलं नव्हतं. नाटकातली सेरा काळी होती, गावाला लांबूनच दिसत होती, तिचं आडनाव कोणाला कशाला लागतंय? आणि कुठला हॉल, कुठला फोटो? हे वाक्य तिच्या घरातलं होतं. ओवीच्या वाढदिवसाहून परत आले त्या रविवारी, जेवणाच्या टेबलावरचं. सलिल म्हणाला होता आणि तिने विचारलं होतं, ‘आमटी वाढू का अजून?’ ईशानी तिथेच भात चिवडत बसली होती.

आणि मधोमध खुर्चीवर ओवी बसली होती, हात मांडीवर, पाय जुळवून, नीरजाने सांगितलं होतं तशी.

‘मावशी,’ ओवीने विचारलं, ‘हे सगळे असं बोलतात तेव्हा मी कुठे बघू?’

‘समोर,’ नीरजा कशीबशी म्हणाली. ‘समोर बघ, बाळा.’

ओवी समोर बघायला लागली.

त्या संध्याकाळी सलिल घरात शिरतो न शिरतो तोच नीरजाने त्याला धारेवर धरलं. ईशानी काय बोलली, कोणासमोर बोलली, सगळं सांगितलं. सलिलचा चेहरा खरोखर पडला.

‘अरे बापरे,’ तो म्हणाला. ‘ईशानीसमोर बोलायलाच नको होतं मी ते.’

‘ईशानीसमोर?’ नीरजा किंचाळलीच. ‘तेवढंच चुकलं?’

‘अगं, वाईट काय म्हटलं मी? चांगली माणसं आहेत असंच म्हटलं ना?’

हा आपला नवरा. कोणाचंही घर हलवायचं असलं की धावून जाणारा, शेजारच्या म्हातारीची कचऱ्याची बिन बाहेर काढणारा. नीरजा त्याच्याकडे बघतच राहिली. ह्याला खरंच कळत नव्हतं.

मग तिने चित्रलेखाला फोन लावला. ‘ॲलर्जी कोणाला होती गं?’

‘कसली ॲलर्जी? हां, ते होय. मधूलाच जरा शेंगदाण्याचं…’

‘मधू माझ्या घरी दाण्याचा लाडू खाते. दोन-दोन खाते.’

पलीकडे सुस्कारा. ‘हे बघ नीरजा, तेव्हा सासूबाई होत्या इथे. त्यांचं डोकं कोण बदलणार? कोणाला न दुखवता एक मार्ग काढला, संपलं. मी स्वतः प्रतीक्षाकडे चहा प्यायलेय.’

चहा प्यायली म्हणे! हे ती अशा सुरात म्हणाली, की तिचा सत्कारच करायला हवा होता.

‘आणि ती वाक्यं काढून टाक बाई नाटकातनं,’ चित्रलेखा पुढे म्हणाली. ‘उगाच कशाला.’

त्यावर मात्र नीरजाचं टाळकं सणकलं. ‘एक शब्द काढणार नाही. सगळ्यांना ऐकू दे, भर हॉलमध्ये, आपल्याच पोरींच्या तोंडून!’ आणि तिने फोन आपटला.

त्या दिवसापासून नीरजा पेटली. तिला वाटलं, हे आपल्या हातून घडायचं होतं म्हणूनच शाळा काढली आपण. एकेकीला वाक्य घासून घासून पाठ करून घेतलं. ‘ॲलर्जीच्या आधी थांब. हां, आता म्हण. ईशानी, अगदी आपल्यासारखीच, हे ओवीकडे बघून म्हण.’ प्रत्येक शनिवारी, परत परत. ओवी हल्ली गप्प असायची. प्रश्न विचारायची नाही, गोष्टीला पुढे सरकायची नाही. नीरजा मनात म्हणायची, काय भूमिकेत शिरलीय पोरगी!

प्रतीक्षाला सांगावं का, असं तिच्या मनात एकदा आलं. फोन हातात घेतलासुद्धा. मग वाटलं, ती शिफ्टला असेल. मग वाटलं, फोनवर काय सांगणार, प्रत्यक्षच बघेल ना. तिची बाजू घेऊन कोणीतरी उभं राहिलंय हे तिला तिथे, भरल्या हॉलमध्ये कळेल. त्या क्षणी प्रतीक्षाचा चेहरा कसा होईल, हे नीरजाने कितीदा तरी मनातल्या मनात बघून घेतलं होतं.

महिला दिनाला कम्युनिटी सेंटरचा हॉल गच्च भरला होता. नऊवाऱ्या, नथी, मागे समोशांचा वास. प्रतीक्षा ड्युटीवरून थेट आली होती, गळ्यातलं ओळखपत्र तसंच, आणि जागा नव्हती म्हणून मागच्या भिंतीला टेकून उभी होती.

नाटक सुरू झालं. स्विमिंगच्या वाक्याला हॉल हसला. पुढच्या टर्मच्या वाक्याला तर टाळ्या पडल्या. सासूबाईंच्या वाक्यालाही काही जण हसले, पण ते हसू मधेच तुटलं. मग मधूने फोन कानाला लावला. ‘ॲलर्जी आहे म्हणायचं.’ हॉल असा चिडीचूप झाला, की मागे चहाच्या भांड्याचा आवाज यायला लागला. नीरजा पडद्याआड उभी होती. ऐका, म्हणत होती ती मनात, ऐका आता! ईशानी पुढे आली. आडनाव. फोटो. ट्यूब. तिसऱ्या रांगेत सलिलने मान खाली घातली.

‘अगदी आपल्यासारखीच,’ ईशानी ओवीकडे बघून म्हणाली.

आणि ओवीने समोर बघायचं सोडलं. तिने मान वळवली आणि सरळ पडद्याआड, नीरजाकडे बघितलं. नीरजाने घाईघाईने हाताने खूण केली, समोर, समोर बघ! ओवीने पुन्हा मान सरळ केली.

कौमुदीने शेवटचं वाक्य म्हटलं. मग कुठूनतरी टाळी पडली, दुसरी पडली, आणि बघता बघता सगळा हॉल उभा राहून टाळ्या पिटायला लागला. थांबेचनात. चित्रलेखा डोळे पुसत स्टेजवर आली, तिने माइक घेतला.

‘त्या काळच्या अमेरिकेचं किती भेदक चित्रण!’ ती म्हणाली. तिचा आवाज खरंच भरून आला होता. ‘अंगावर काटा आला. आपण किती भाग्यवान आहोत, की आपण असलं काही मानत नाही! नीरजासाठी पुन्हा एकदा जोरदार टाळ्या!’

नीरजा जागच्या जागी थिजली. हसावं की ओरडावं हेच तिला कळेना. बायका येऊन तिला मिठ्या मारत होत्या. ‘काय हाल केले हो गोऱ्यांनी त्या पोरीचे!’ ‘रडवलंत हो मॅडम!’ सासूबाईंचं वाक्य जिच्या घरातून आलं होतं तीही आली, हसत म्हणाली, ‘आमची बया कुठून आणते हे डायलॉग, देव जाणे!’ यांना कळलं नव्हतं, की कळूनही ह्या अशा बोलत होत्या? नीरजा एकेकीच्या डोळ्यांत बघत होती. काही म्हणता काही पत्ता लागत नव्हता.

तिला एकदम प्रतीक्षाची आठवण झाली. मागच्या भिंतीशी कोणी नव्हतं. ती गर्दी ढकलत बाहेर पळाली. कार पार्कमध्ये प्रतीक्षा गाडीचं दार उघडत होती. ओवी साध्या कपड्यांत तिच्या शेजारी उभी होती.

‘बघितलंस ना?’ नीरजा धापा टाकत म्हणाली. ‘एकेकाचं वाक्य त्याच्या तोंडावर मारलं! चित्रलेखा काढ म्हणत होती. मी नाही काढलं.’

प्रतीक्षाने ओवीला आत बसवलं, दार नीट लावलं, आणि मग वळली.

‘म्हणजे कुठलं वाक्य कोणाच्या घरातलं हे तुला माहीत होतं.’

‘हो! म्हणूनच तर…’

‘आणि ते सगळं ओवीवरून बोललं गेलंय हेही माहीत होतं.’

‘हो, पण…’

‘आणि त्याच ओवीला तू मधे खुर्चीवर बसवलंस, आणि भोवती मुली उभ्या करून तिला ते ऐकवलंस. दर शनिवारी. ती घरी येऊन बोलायची नाही. मला वाटलं, नाटकाची भीती वाटते तिला.’

हे असं, या बाजूने, नीरजाने एकदासुद्धा बघितलं नव्हतं.

‘अगं, त्यांना कळावं म्हणून केलं मी ते,’ ती कशीबशी म्हणाली.

‘कळलं त्यांना?’

हॉलच्या उघड्या दारातून अंताक्षरी ऐकू येत होती.

‘आत्ता कपडे बदलताना ओवी मला म्हणाली, आई, आपला डबा कोणी का खात नाही? मी म्हटलं, नाटकातलं आहे बाळा ते, सेराचं आहे. तर म्हणाली, नाही आई, सेराकडे डबा नाहीचये.’ प्रतीक्षाचा आवाज फाटला. ‘या अख्ख्या हॉलमध्ये एकटीला कळलं, नीरजा. जिला कळू नये म्हणून मी तुझ्या दारात उभी राहून तुला सांगितलं होतं, तिला.’

‘मला… मला खूप धक्का बसला होता गं, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा. मी पेटलेच. मला सुचलंच नाही…’

‘तुला धक्का बसला. त्यांच्या वाक्यांचा मला नाही बसत. कॉलेजपासून ऐकतेय मी ती.’ प्रतीक्षाने गाडीची किल्ली मुठीत घट्ट धरली होती. ‘तुझा धक्का बसला. एक फोन करायचास. मी नको म्हणेन म्हणून केला नाहीस ना?’

नाही, असं नीरजा म्हणणार होती. पण ते खरं होतं. प्रतीक्षा नको म्हणाली असती, आणि मग नाटक झालं नसतं, आणि नीरजाला ते नाटक हवं होतं. हे तिला त्या क्षणापर्यंत स्वतःलाही ठाऊक नव्हतं. गाडी निघून गेली. मागच्या सीटवर ओवी समोर बघत बसली होती.

आठवड्यात नीरजाने मेसेज केले, फोन केले. उत्तर आलं नाही. घरी गेली तेव्हा प्रतीक्षाने दार उघडलं, सेराचा धुऊन इस्त्री केलेला झगा तिच्या हातात दिला आणि दार लावून घेतलं. आवाज न करता, नीट.

शनिवारी नीरजाने गॅरेजचं दार वर केलं तर बाहेर ही गर्दी! जुन्या सगळ्या मुली वेळेच्या आधी हजर, आणि शिवाय कितीतरी नव्या, आयांचा हात धरून. ‘नाटक बघितलं आणि तिथेच ठरवलं,’ एक आई म्हणाली, ‘हिला तुमच्याच शाळेत घालायचं. असे संस्कार कुठे मिळतात हो हल्ली!’ कोणाला स्विमिंग नव्हतं. कोणाचीही टर्म पळापळीची नव्हती. सतरंजी पुरेना म्हणून सलिलने घरातनं चादरी आणून दिल्या. तो नीरजाच्या नजरेला नजर देत नव्हता.

चित्रलेखा आनंदाने फुलून आली होती. शेजारच्या पॉइंट कुक उपनगरातल्या लोकांनी नाटक बोलावलं होतं, मोठ्या हॉलमध्ये.

‘पण मावशी, ओवी नाही आलीय,’ कौमुदीने विचारलं. ‘मग सेरा कोण होणार?’

‘मी!’ मधू ओरडली. ‘मी! मला पाठ आहे सगळं!’

‘नाही, मी! मावशी, मी!’

सगळ्याच उठून उभ्या राहिल्या, नव्या आलेल्यासुद्धा. हातच हात. सेरासाठी सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या होत्या, सगळ्यांनी फोटो तिचेच काढले होते, मग कोणाला नको असणार तो रोल? नीरजा फळ्याला टेकून त्या हातांकडे बघत राहिली. सगळ्यात उंच हात ईशानीचा होता.